जुन्या जीपची गाळणी

अचलपुराहून परतवाड्याच्या पुढें चिखलदऱ्याच्या वाटेस लागलेल्या वाहनाला सुमारें साडेसातशें मीटर उंची चढून जावें लागतें. सपाटीवर निमूटपणें धांवणारी जुनी डिझेल जीप या घाटांत एकाएकीं दम सोडूं लागते, गचके देते आणि एखाद्या वळणावर बंद पडते. मग इंजिन म्हातारें झालें असा निर्णय देऊन मोठ्या दुरुस्तीची भाषा सुरू होते. परंतु पुष्कळदां दोष इंजिनाचा नसून, ज्यास कारागीर डिझेल फिल्टर म्हणतात त्या तांब्याएवढ्या गाळणीचा असतो.

जीप ही मूळची युद्धकालीन गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं ती निर्माण झाली, आणि १९४७ सालीं मुंबईच्या महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी भारतांत सुरू केली. आरंभीच्या जीपा पेट्रोलवर चालत. डिझेल इंजिनें पुढें आलीं. मेळघाटासारख्या डोंगराळ मुलखांत अशी गाडी ही केवळ हौसेची वस्तु नव्हे. पावसाळ्यांत आडगांवच्या रुग्णास अचलपुरास आणावयाचें असेल, तर तिच्या धडधाकटपणावर एखाद्याचा जीवहि अवलंबून असूं शकतो.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. हवा अतिशय दाबली असतां ती तापते, आणि त्या तप्त हवेंत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला कीं तें आपोआप पेट घेतें. हा फवारा उडविण्यासाठीं इंधनावर वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब द्यावा लागतो. तो देणाऱ्या पंपांतील दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांएवढीच असते. माणसाचा केंस तिच्या कित्येक पट जाड असतो. अशा ठिकाणीं धुळीचा कणहि कानशीप्रमाणें काम करतो. तो कण वाटेंतच अडविण्यासाठीं घड्या घातलेल्या विशिष्ट कागदाची गाळणी योजिलेली असते. कांहीं जीपांत दोन गाळण्या ओळीनें असतात. पहिली भरड, दुसरी बारीक.

जुन्या टांकीच्या तळाशीं गंज आणि गाळ सांचतो. टांकी अर्धी रिकामी राहिली तर थंड रात्रीं आंतील हवेंतल्या बाष्पाचें पाणी होतें. तें डिझेलहून जड असल्यामुळें खालीं बसतें. हा सर्व मळ हळूहळू कागदाचीं छिद्रें बुजवितो. नळाची बारीक धार एक तांब्या भरण्यास पुरते, पण साऱ्या घराची गरज भागवूं शकत नाहीं. तशीच अर्धवट तुंबलेली गाळणी सपाटीपुरतें इंधन देते आणि चढावर इंजिनाची मागणी वाढली कीं उणी पडते. घाटांतच गाडी रुसते याचें मर्म हें आहे.

गाळणी बदलण्याचें काम अवघड नाहीं. मात्र तें स्वच्छतेचें आहे. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन थंड होऊं द्यावें. जवळपास विडी किंवा दिवा नसावा. इंधनाच्या वाटेस तोटी असल्यास ती बंद करावी. प्रथम गाळणीचें भांडें बाहेरून पुसून घ्यावें, नाहीं तर झांकण उघडतांच बाहेरची धूळ आंत जाते. खालीं परात ठेवून तळाचा स्क्रू सैल करावा आणि डिझेल काढून घ्यावें. नंतर मधला बोल्ट सोडवून भांडें उतरवावें, जुनी गाळणी व रबरी रिंगा काढाव्या आणि भांडें स्वच्छ डिझेलनें धुवावें. पुसण्यास तंतु सुटणारी चिंधी घेऊं नये. तो तंतुहि कचराच होय. नव्या रिंगांस डिझेलचा हात लावून त्या बसवाव्या, नवी गाळणी सरळ ठेवावी आणि बोल्ट बेतानें आवळावा. जोर करून पाना फिरविल्यास रिंग चेंगरते किंवा आटे जातात. जुनी कागदी गाळणी धुऊन पुन्हां बसविणें ही खोटी काटकसर आहे. धुतांना मळ तिच्या स्वच्छ बाजूस जातो आणि तेथून थेट पंपांत.

यानंतरची पायरी विसरल्यास गाडी सुरूच होत नाहीं. भांडें उघडतांच आंत हवा शिरते; कारागीर म्हणतात, ‘गाडीनें एअर घेतली.’ द्रव सहसा दाबला जात नाहीं, हवा मात्र दबते. त्यामुळें पंपाचा सारा जोर हवेचा बुडबुडा आकसविण्यांतच खर्च होतो आणि फवारा उडत नाहीं. म्हणून तोटी पुन्हां उघडून गाळणीच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करावा व हातपंप चालवावा. आधीं फेंस येतो, मग निर्मळ धार; ती दिसतांच स्क्रू आवळावा. हाच क्रम मोठ्या पंपापाशींहि करावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर टांकीपासून हातपंपापर्यंतच्या नळींत कोठें तरी भेग आहे असें समजावें. त्या बाजूस पंप ओढून घेत असल्यामुळें तेथें डिझेल गळतांना न दिसतां हवाच आंत येऊं शकते.

इंजिन सुरू झाल्यावर सांधे नीट पाहावे. मात्र फवाऱ्याच्या बारीक नळ्यांची गळती बोटानें चांचपूं नये; त्या दाबाची धार कातडी भेदून आंत शिरते, आणि जखम लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जावें लागतें. सांडलेलें डिझेल रबरी नळ्यांवरून पुसून टाकावें, आणि परातींतील घाण सापन नदीच्या पात्रांत किंवा नाल्यांत न ओततां डब्यांत भरून गॅरेजच्या टाकाऊ तेलांत द्यावी.

बदलाचें अंतर गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. धुळीच्या व जंगलच्या वाटांवर तें आधींच गांठावें. एक गाळणी, दोन रिंगा आणि योग्य मापाचा पाना एवढा संच गाडींत ठेवला, तर घाटाच्या वळणावर रात्र काढण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.