घोट्याची दुखापत : मुरगळ की अस्थिभंग?

पावसाळा सुरू झाला की गोव्यात खेडोपाडी पाय घसरून पडण्याचे प्रकार नित्याचे होतात. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, भातशेतीचे निसरडे बांध, शाळेचे चिखलाने भरलेले पटांगण अशा ठिकाणी पाऊल वाकडे पडते आणि पाहता पाहता घोटा सुजतो. 'पाय मुरगळला' एवढे म्हणून हळद-चुन्याचा लेप लावण्यात येतो, कोणी जाणता माणूस पाय ओढून व चोळून देतो आणि दोन-तीन आठवडे वाट पाहिली जाते. पुष्कळांचा पाय बराही होतो. परंतु ज्यांचे हाड मोडलेले असते त्यांच्या बाबतीत हे वाट पाहणेच कायमच्या लंगडेपणास कारणीभूत होऊ शकते. म्हणून ही साधी मुरगळ आहे की अस्थिभंग, याचा निर्णय पहिल्याच दिवशी होणे अगत्याचे आहे.

घोट्याची रचना

नडगीचे जाड हाड व त्याच्या बाहेरील अंगाचे बारीक हाड यांची खालची टोके म्हणजेच घोट्याच्या दोन्ही बाजूंस हाताला लागणारे उंचवटे होत. या दोन टोकांच्या मध्ये पावलाचे वरचे हाड बसलेले असते. ही हाडे एकत्र बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पाऊल आतल्या बाजूस वळून शरीराचा भार त्यावर पडला म्हणजे बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. यासच आपण मुरगळ म्हणतो. आघात अधिक जोराचा असल्यास हाडाचे टोकही मोडते.

दोन चुकीच्या समजुती

'पायाची बोटे हलतात, अर्थी हाड शाबूत आहे' ही समजूत सर्वत्र आढळते. ती निराधार आहे. बोटे हलविणारे बहुतेक मोठे स्नायू पोटरी व नडगी या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या घोट्यावरून पुढे बोटांपर्यंत जातात. त्यामुळे घोट्याचे हाड मोडले तरी बोटे हलू शकतात.

सुजेवरून अंदाज बांधणे ही दुसरी चूक होय. अस्थिबंध फाटल्यास मोठी सूज येऊन पाय काळानिळा पडतो, तर काही वेळा मोडलेल्या हाडावर सूज बेताचीच असते.

क्ष-किरण तपासणी केव्हा आवश्यक?

या प्रश्नाचे उत्तर सोपे करणारे नियम कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली प्रसिद्ध केले. पुढे अनेक देशांत त्यांचा पडताळा घेण्यात आला. घोट्याच्या भागात वेदना असून पुढीलपैकी एक जरी गोष्ट आढळली तरी क्ष-किरण चित्र घ्यावे :

1. बाहेरील उंचवट्याचे टोक, अथवा तेथून वर सहा सेंटीमीटरपर्यंत हाडाची मागील कडा दाबल्यास दुखणे.
2. आतील उंचवट्याच्या बाबतीतही तसेच आढळणे.
3. दुखापत झाल्याबरोबर आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. लंगडत टाकलेले पाऊलही येथे पाऊलच समजावे.

पावलाच्या मध्यभागी वेदना असल्यास करंगळीच्या रेषेतील लांब हाडाचे मागील टोक, तसेच पावलाच्या आतील कमानीवरील हाड दाबून पाहतात. लहान मुले, मद्याच्या अमलाखालील व्यक्ती आणि पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही यांच्या बाबतीत केवळ या नियमांवर विसंबून राहू नये. अशा मधुमेही रुग्णास हाड मोडूनही फारशी वेदना जाणवत नाही.

पाय वाकडा दिसणे, हाड त्वचेबाहेर येणे, पाऊल थंड, फिकट वा बधिर होणे ही संकटाची चिन्हे होत. अशा वेळी पाय ओढून सरळ करू नये. फळी किंवा उशीचा आधार देऊन तो आहे त्या स्थितीत स्थिर करावा व 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रियेची गरज पडण्याचा संभव असल्याने रुग्णास खाण्यास काही देऊ नये.

पहिले दोन दिवस

पायावर भार देऊ नये. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा लावावा. तो त्वचेवर थेट ठेवू नये. बर्फ नसल्यास थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. लवचीक पट्टी बोटांच्या बाजूने वर पोटरीकडे बांधीत जावी व पाय उशीवर उंच ठेवावा. बोटे निळी पडल्यास, बधिर झाल्यास अथवा ठणका वाढत गेल्यास पट्टी तत्काळ सोडावी. बांबूच्या कामट्या घालून घट्ट आवळलेल्या पट्टीने रक्तपुरवठा बंद पडून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. या काळात शेक व मालिश वर्ज्य समजावे, कारण त्यांनी सूज व आतील रक्तस्राव वाढतो.

हाड मोडले नसल्यास पुढे काय?

'चित्रात काही नाही' असे ऐकताच अनेक रुग्ण उपचार सोडून देतात. वस्तुतः साध्या क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाहीत. सौम्य मुरगळ एक ते तीन आठवड्यांत बरी होते, परंतु अस्थिबंध फाटला असल्यास कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. वेदना सोसवेल त्या बेताने पाऊल वर-खाली हलविणे, पुढे आधार घेऊन चालणे आणि शेवटी एका पायावर तोल सांभाळून उभे राहणे, असा व्यायामाचा क्रम ठेवावा. व्यायाम न केल्यास घोटा कमजोर राहून वारंवार मुरगळतो. पाच-सात दिवसांनीही पायावर भार देता येत नसल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी.

शेवटी

मोडलेले हाड जागेवरून सरकले असल्यास ते लवकर बसविणे सोपे असते. काही आठवडे उलटून ते वाकडे जुळले, तर शस्त्रक्रिया अवघड होते व सांध्याची झीज होऊन चालताना कायम वेदना राहू शकतात. ज्याचे पोट शेतीवर, माडावर चढण्यावर किंवा मासेमारीवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ दुखण्याचा नसून उपजीविकेचा असतो. यास्तव शिक्षकांनी मैदानावर पडलेल्या मुलास 'चालून दाखव' असा आग्रह करू नये. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास तपासणीसाठी वेळीच रजा द्यावी. ग्रामस्थांनीही चार पावले टाकता येत नसल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. क्ष-किरणाची सोय तेथे नसेल, तर म्हापसा किंवा मडगाव येथील जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे.