प्राप्तिकर विवरणपत्र तयार करणारे (भारत)

प्राप्तिकर विवरणपत्र तयार करणारे म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याचे प्राप्तिकर (आयकर) विवरणपत्र भरून देणारे व्यावसायिक वा मध्यस्थ होत. सनदी लेखापाल (चार्टर्ड अकाउंटंट, सीए), वकील, करसल्लागार, सरकारने प्रशिक्षित केलेले 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' (टीआरपी) आणि गावोगावच्या संगणक केंद्रांतून हे काम करणारे लोक यांचा त्यांत समावेश होतो. करदात्याच्या वतीने प्राप्तिकर अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा आणि हिशेबांचे लेखापरीक्षण करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे भारतीय कायद्याने ठरवून दिले आहे. केवळ विवरणपत्र भरून देण्यासाठी मात्र कोणताही परवाना आवश्यक नाही. विवरणपत्र कोणीही भरले, तरी त्यातील मजकुराची जबाबदारी करदात्यावरच राहते.

या लेखात दिलेली कलमे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. त्याची जागा घेणारा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; आधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच अधिनियम लागू राहतो.

पार्श्वभूमी

भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० साली लागू झाला. हिशेबतपासनिसांच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९१८ मध्ये तेथे 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ संमत होऊन १ जुलै १९४९ पासून इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया (आयसीएआय) ही संस्था अस्तित्वात आली. पगारदार, छोटे दुकानदार व निवृत्तिवेतनधारक मोठ्या संख्येने विवरणपत्रे भरू लागल्यावर कमी खर्चात मदत करणाऱ्यांची गरज वाढली. पुढे ऑनलाइन भरणा रूढ झाला आणि संगणक व इंटरनेट जोडणी असलेली कोणतीही व्यक्ती हे काम करू लागली.

कायद्याने मान्य केलेले व्यावसायिक

सनदी लेखापाल : कलम ४४एबी अन्वये ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायाचे लेखापरीक्षण केवळ व्यवसाय-प्रमाणपत्र धारण करणारा सनदी लेखापालच करू शकतो. त्याच्यावर आयसीएआयच्या शिस्तपालन यंत्रणेचे नियंत्रण असते. नफ्याच्या टक्केवारीवर किंवा कामाच्या निष्पत्तीवर अवलंबून असलेले शुल्क आकारणे हे, नियमांनी दिलेले अपवाद वगळता, त्याच्यासाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यामुळे 'जेवढा परतावा मिळेल त्यातील इतके टक्के' असा व्यवहार त्याला करता येत नाही. २०१९ पासून त्याच्या प्रमाणपत्रांवर व अहवालांवर 'यूडीआयएन' हा १८ अंकी क्रमांक टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आला. हा क्रमांक ऑनलाइन पडताळून प्रमाणपत्र खरे की बनावट हे कोणालाही पाहता येते. अहवालात वा प्रमाणपत्रात चुकीची माहिती दिल्यास कलम २७१जे अन्वये प्रत्येक अहवालामागे १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

प्राधिकृत प्रतिनिधी : प्राप्तिकर अधिकाऱ्यासमोर करदात्याची बाजू कोण मांडू शकतो, हे कलम २८८ सांगते. करदात्याचा नातेवाईक, त्याचा नियमित कर्मचारी, वकील, सनदी लेखापाल आणि विहित शैक्षणिक अर्हता असलेल्या व्यक्ती यांना लेखी अधिकारपत्राच्या आधारे हे काम करता येते. प्राप्तिकरविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेली किंवा दिवाळखोर घोषित झालेली व्यक्ती त्यास अपात्र ठरते.

टीआरपी : २००६ च्या वित्त अधिनियमाने कलम १३९बी समाविष्ट केले आणि त्याच वर्षी टॅक्स रिटर्न प्रिपेअरर योजना अधिसूचित झाली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण देऊन ओळख क्रमांक द्यावा व त्यांच्यामार्फत लहान करदात्यांची विवरणपत्रे भरली जावीत, असा तिचा हेतू होता. वकील व सनदी लेखापाल यांना टीआरपी होता येत नाही. टीआरपीसाठी आचारसंहिता आहे व त्याचा प्राधिकार काढूनही घेता येतो. त्याचा तपशील लिहिण्यासाठी विवरणपत्राच्या नमुन्यात स्वतंत्र जागा ठेवलेली असते.

वस्तू व सेवा कर व्यवसायी : वस्तू व सेवा कराची व्यवस्था याहून निराळी आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ४८ नुसार या करासाठी नोंदणीकृत व्यवसायी असतात. त्यांना अर्हता व परीक्षा यांची अट आहे. महाराष्ट्रात पूर्वीच्या विक्रीकराच्या काळापासून काम करणारे अनेक करसल्लागार या वर्गात आले. तरीही व्यवसायीने भरलेला तपशील अचूक असण्याची जबाबदारी नोंदणीकृत व्यापाऱ्यावरच राहील, असे याच कलमात नमूद आहे.

नियमनाबाहेरील मध्यस्थ

वरीलपैकी कोणत्याही वर्गात न मोडणारी व्यक्ती शुल्क घेऊन विवरणपत्र भरून देत असेल, तर तिला प्रतिबंध करणारा कायदा नाही. अशी व्यक्ती सहसा करदात्याचाच पॅन व पासवर्ड वापरून संकेतस्थळावर प्रवेश करते. परिणामी विवरणपत्र करदात्याने स्वतः भरल्यासारखे दिसते आणि भरून देणाऱ्याचे नाव त्यात कोठेही उरत नाही. कलम १४० नुसार व्यक्तीच्या विवरणपत्राचे सत्यापन सामान्यतः त्या व्यक्तीनेच करावयाचे असते. आज हे सत्यापन बहुधा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. त्यामुळे मध्यस्थाला ओटीपी सांगणे हे न वाचलेल्या कागदावर सही करण्यासारखेच ठरते.

खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणे हा या क्षेत्रातील सर्वांत गंभीर गैरप्रकार आहे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात सुमारे १५० ठिकाणी पडताळणीची कारवाई केली. त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जावरील व्याज, आरोग्य विमा इत्यादींच्या बनावट वजावटी दाखवून कमिशनवर परतावे मिळवून देणाऱ्या टोळ्या आढळल्याचे विभागाने जाहीर केले. काही मध्यस्थ तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करून त्यांवरून मोठ्या संख्येने विवरणपत्रे भरत आणि नंतर ते पत्ते सोडून देत. त्यामुळे विभागाच्या नोटिसा करदात्यांपर्यंत पोहोचतच नसत. कारवाईपूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचेही विभागाने सांगितले.

करदात्यावर होणारे परिणाम

खोटी वजावट उघडकीस आल्यास परतावा व्याजासह परत करावा लागतो. कलम २७०ए अन्वये उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, तर चुकीची माहिती देऊन ते लपविल्यास २०० टक्के दंड आहे. कलम २७७ नुसार खोटे सत्यापन हा गुन्हा असून कलम २७८ नुसार त्यास साहाय्य करणाराही शिक्षेस पात्र ठरतो. मध्यस्थावर खटला झाला, तरी करदात्याची कर व दंड भरण्याची जबाबदारी संपत नाही.

चूक लक्षात आल्यास मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येते. मुदत संपल्यावर कलम १३९(८ए) नुसार अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. २०२५ पासून त्याची मुदत ४८ महिने करण्यात आली. विलंबानुसार त्यावर २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो व या मार्गाने परतावा वाढवून मागता येत नाही.

ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील संदर्भ

शहापूर तालुक्यातील डोळखांब व त्याच्या परिसरातील गावे, तसेच लगतचा मुरबाड तालुका येथील बहुतेक कुटुंबांचे मुख्य उत्पन्न भातशेती व मजुरी यांतून येते. शेतीचे उत्पन्न कलम १०(१) अन्वये करमुक्त असल्याने अनेकांचा प्राप्तिकराशी संबंध येत नाही. तो प्रामुख्याने तीन प्रसंगी येतो.

पहिला प्रसंग जमिनीच्या मोबदल्याचा. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये झालेल्या निवाड्याची वा कराराची रक्कम त्या कायद्याच्या कलम ९६ नुसार सामान्यतः करमुक्त असते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रक क्र. ३६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. ही रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवल्यास तिच्यावर मिळणारे व्याज मात्र शेतीचे उत्पन्न ठरत नाही. ते करपात्र असते आणि ठरावीक मर्यादेपुढे बँक त्यातून कर कापते. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यास बँकेला वेळेत '१५जी' किंवा ज्येष्ठ नागरिकांनी '१५एच' नमुना दिला, तर ही कपात टळते. तसे न केल्यास कापलेला कर परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते आणि तेथे मध्यस्थाची गरज भासते.

दुसरा प्रसंग नोकरीचा. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाड तालुक्याचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अनुसूचित जमातींना कलम १०(२६) अन्वये मिळणारी प्राप्तिकरातील सूट ईशान्य भारतातील विनिर्दिष्ट प्रदेश व लडाख येथील रहिवाशांपुरती आहे. महाराष्ट्रातील आदिवासी कर्मचाऱ्यांना ती लागू नाही. आश्रमशाळेतील शिक्षकाचे किंवा जिल्हा परिषदेतील कर्मचाऱ्याचे वेतन या सवलतीखाली करमुक्त दाखविल्यास तो चुकीचा दावा ठरतो.

तिसरा प्रसंग कर्जाचा. वाहन, घर वा दुकान यांसाठी कर्ज देताना बँका मागील वर्षांची विवरणपत्रे मागतात. अशा वेळी कर्ज मिळावे म्हणून नसलेले उत्पन्न फुगवून दाखविणे हेही खोटे विवरणच होय.

मदत घेताना घ्यावयाची काळजी

सनदी लेखापालाचा सदस्यत्व क्रमांक आयसीएआयकडे, तर टीआरपीचा ओळख क्रमांक विभागाकडे पडताळता येतो. संकेतस्थळावरील मोबाइल क्रमांक व ई-मेल पत्ता करदात्याचा स्वतःचा असावा; परतावा त्याच्याच बँक खात्यात जमा होणे अपेक्षित असते. सत्यापनापूर्वी एकूण उत्पन्न, वजावटी व परताव्याची रक्कम वाचून घेणे, त्यांचा 'फॉर्म २६एएस' व वार्षिक माहिती विवरण (एआयएस) यांच्याशी मेळ घालणे आणि विवरणपत्राची प्रत व शुल्काची पावती जवळ ठेवणे उपयुक्त ठरते.

सनदी लेखापालाविरुद्धची तक्रार आयसीएआयच्या शिस्तपालन संचालकांकडे करता येते. नियमनाबाहेरील मध्यस्थाविरुद्ध अशी व्यावसायिक संस्था नसल्याने फसवणुकीबाबत पोलिसांकडे आणि सेवेतील त्रुटीबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागते. तेथे मोबदला दिल्याचा पुरावा लागतो. पावती नसल्यास तो सिद्ध करणे अवघड जाते.

इतर देशांतील व्यवस्था

ऑस्ट्रेलियात २००९ च्या कायद्यानुसार शुल्क घेऊन करविषयक सेवा देणाऱ्याला टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाकडे नोंदणी करावी लागते. जर्मनीत 'श्टॉयरबेराटर' हा कठीण परीक्षा असलेला परवानाधारक व्यवसाय आहे. अमेरिकेत सशुल्क तयारकर्त्याने ओळख क्रमांक घेऊन विवरणपत्रावर स्वतः सही करणे बंधनकारक आहे. मात्र सर्वांना परीक्षा सक्तीची करण्याचा तेथील कर खात्याचा प्रयत्न २०१४ साली अपील न्यायालयाने अधिकारबाह्य ठरविला. त्यानंतरही तेथे तयारकर्त्याचे नाव विवरणपत्रावर राहते. भारतात टीआरपी वगळता सामान्य विवरणपत्र भरून देणाऱ्यावर तसे बंधन नाही.