हातच्या गाडीला वाट हवी

आसामातील करीमगंज जिल्ह्यात (२०२४ पासून ज्याचे नाव श्रीभूमी झाले आहे) एका मोटार-मेकॅनिकने टाळेबंदीच्या रिकाम्या दिवसांत एक जुनी मारुती स्विफ्ट घेतली, तिचा पत्रा उतरविला, आणि सुमारे आठ महिने खपून, सहा लाखांहून अधिक रुपये ओतून, तिला लॅम्बोर्गिनी या इटालियन गाडीचे रूप दिले. गाव पाहावयास लोटले, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीही कौतुक केले. त्याच सुमारास काही शहाण्यांनी नाकेही मुरडली. "अस्सल घेण्याची ऐपत नाही, म्हणून ही नक्कल," असा त्यांचा शेरा. या दोन्ही प्रतिक्रिया आम्हांस अपुऱ्या वाटतात. हार घालणाऱ्यांनी गाडी पाहिली, नाक मुरडणाऱ्यांनी खिसा पाहिला. कारागिराच्या हाताकडे आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या कायद्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

वास्तविक हे वेड आजचे नव्हे आणि आपल्याच देशातले नव्हे. १९७१ साली जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीची कुन्ताश ही गाडी प्रथम मांडली गेली. मार्चेल्लो गांदिनी या शिल्पकाराने तिला पाचरीसारखा आकार दिला होता. तिची दारे बाजूला न उघडता वर उचलली जात. १९७४ ते १९९० या काळात अशा दोन हजारही गाड्या तयार झाल्या नाहीत. ज्यांना ती कधीच मिळणार नव्हती त्यांच्या भिंतीवर मात्र तिची चित्रे झळकली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका गृहस्थाने १९८१ च्या 'कॅननबॉल रन' या चित्रपटात ती धावताना पाहिली आणि पुढे आपल्या राहत्या घराच्या तळघरात ती स्वतः घडवावयास घेतली. त्याने आधी लाकडाचा साचा केला. दोन चाकांच्या चिमटीतून ॲल्युमिनियमचा पत्रा पुन्हा पुन्हा फिरवून त्याला बाक देण्याची जुनी विद्या तो शिकला. इंजिन फोर्डचे, आठ सिलिंडरचे बसविले. या कामी त्याची सतरा वर्षे गेली. गाडी तयार झाली तेव्हा ती दारातून बाहेर निघेना. अखेर अंगण खणून उतार केला, तळघराची भिंत फोडली आणि मग तिला सूर्यप्रकाश दिसला. सतरा वर्षे एका पत्र्याशी झुंजणाऱ्या माणसाला नकलाकार म्हणून उडवून लावणे आम्हांस तरी धाडसाचे वाटते.

नक्कल ही विद्येची पहिली पायरी आहे, हे गोमंतकीयांना सांगावयास नको. चतुर्थीपूर्वी आमच्या चित्रशाळांतून बसणारा पोरगा आधी वडिलांनी घडविलेल्या मूर्तीचाच हात गिरवितो. स्वतःची मूर्ती त्याला फार पुढे सुचते. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर उभे राहणारे नरकासुर पाहावेत. भंगारातली मोटार, सायकलची साखळी आणि बांबूचा सांगाडा यांच्या बळावर आमची मुले त्या राक्षसाचे मुंडके फिरवितात, हात हलवितात. कोणत्या शाळेत त्यांनी हे यंत्रशास्त्र शिकले? शिमग्याच्या चित्ररथांचीही तीच कथा. आणि ज्या लॅम्बोर्गिनीची नक्कल होते, तिचा संस्थापक तरी कोण? फेरुच्यो लॅम्बोर्गिनी हा मुळात ट्रॅक्टर तयार करणारा कारखानदार. १९६३ साली त्याने मोटारींचा कारखाना काढला. नांगर ओढणाऱ्या यंत्राकडून तो वेगाच्या यंत्राकडे वळला, ही गोष्ट नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानी ठेवावी.

इंग्लंडात तर सुट्या भागांतून घरी गाडी जोडण्याची परंपराच आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ पासून 'सेव्हन' ही छोटी गाडी सुट्या भागांच्या पेटीत विकली, कारण तयार गाडीवर खरेदी-कर होता आणि भागांवर नव्हता. या पळवाटेतून हजारो हात तेलकट झाले आणि शिकले. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी करावी याचे पुस्तकच लिहिले, आणि त्यावरून जगभर गॅरेजांतून गाड्या उभ्या राहिल्या.

तथापि या चित्राची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. घडविणे वेगळे आणि खपविणे वेगळे. १९८४ साली सुरू झालेल्या 'मायामी व्हाइस' या अमेरिकन दूरदर्शन-मालिकेत नायकाची काळी फेरारी वस्तुतः अमेरिकन कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर चढविलेला बनावट साज होता. फेरारी कंपनी संतापली. पुढे मालिकेतली ती गाडी नष्ट झाली आणि खऱ्या फेरारी आल्या. १९९१ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने, फेरारीच्या बाह्यरूपाची हुबेहूब नक्कल करून विकण्यास मनाई करणारा निर्णय उचलून धरला. २०१९ च्या जुलैमध्ये ब्राझीलच्या इताजाई या बंदराच्या शहरात पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला. तेथे एक बाप-लेक बनावट फेरारी आणि लॅम्बोर्गिनी तयार करून विकत होते. असे प्रकार म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दुसऱ्याच्या मानचिन्हावर आपले दुकान थाटणाऱ्याची कड आम्ही घेऊ शकत नाही.

आणखी एक धोका याहून गंभीर आहे. गाडीचे रूप पत्र्याने किंवा फायबरने पालटते, पण तिचे ब्रेक, तिचे वजन, तिच्या चाकांची पकड पालटत नाही. बारा सिलिंडरच्या यंत्रासाठी आखलेला साज लहान कुटुंबाच्या गाडीवर चढविला म्हणजे दिसण्यात आणि असण्यात दरी पडते. सांधा नीट जोडला नसेल, आसनपट्टा मजबूत लोखंडाला बांधलेला नसेल, तर चालविणाऱ्याच्या बरोबर रस्त्यावरचा निरपराध पादचारीही जातो. अरुंद रस्त्यांवर रोज अपघात पाहणाऱ्या गोव्याने तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात, काही अपवाद सोडल्यास, उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ कठोरपणे लावला. यात सुरक्षेचा विचार आहे, तो आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार कठोरपणाबद्दल नाही. दार नसल्याबद्दल आहे. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. लाखो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला तो खर्च जाणवतही नाही. जन्मात एकच गाडी करणाऱ्या कारागिराला त्याच दारात उभे करणे म्हणजे त्याला परत पाठविणेच होय.

याचे ढळढळीत उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलाच्या हट्टापायी, सुमारे साठ हजार रुपयांत, भंगारातून चारचाकी जीप तयार केली. ती दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर प्रशंसा केली, आणि नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडविली जाईल हेही स्पष्ट सांगून, तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. कारागिराला नवी गाडी मिळाली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याच्या हातची गाडी रस्त्याऐवजी प्रदर्शनात गेली. एका उद्योगपतीचे औदार्य हे धोरण होऊ शकत नाही. ज्याच्याकडे कोणी उद्योगपती येणार नाही, त्या कारागिराने काय करावे?

उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. ब्रिटनमध्ये घरी केलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, धारदार कडा, आसनपट्ट्यांचे सांधे पाहिले जातात आणि ती उतरली तर तिला नोंदणी मिळते. जुन्या भागांतून जोडलेल्या गाडीला 'क्यू' अक्षराचा क्रमांक देतात, म्हणजे तिचे मूळ कोणापासून लपत नाही. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती-गाड्या करण्याची मुभा दिली. अट एवढीच की मूळ गाडी किमान पंचवीस वर्षे जुनी असावी आणि तिच्या रूपाच्या हक्कदाराची परवानगी असावी. प्रामाणिकपणा आणि सुरक्षा या दोन्ही गोष्टी नियमांत बसविता येतात, असा याचा अर्थ.

आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूर येथे स्वतः घडविलेल्या गाड्या बंदिस्त मैदानावर पळवितात, तज्ज्ञ त्यांची तपासणी करतात, चुका दाखवितात. जे पदवीच्या उंबरठ्यावरील मुलाला मिळते, ते पत्रा ठोकून शिकलेल्या कारागिराला का मिळू नये? आपल्या सरकारने केंद्राकडे एकेरी गाडीच्या स्वस्त तपासणीचा आग्रह धरावा. तो कायदा होईपर्यंत निदान आपल्या आयटीआयचे आवार आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक यांचा लाभ अशा हातांना वर्षातून एकदा मिळावा. बंद आवारात गाडी चालवावी, जाणकारांनी तिचे दोष सांगावेत, कारागिराने ते सुधारावेत.

आणि कारागिरालाही आमचे एक सांगणे आहे. रूप परक्याचे घेतले तरी परक्याचे बोधचिन्ह समोर लावू नये. तेथे आपले नाव लावावे, नाहीतर आपल्या गावाचे. जो हात दुसऱ्याची गाडी इतकी हुबेहूब करू शकतो, त्याच्याकडून कधीतरी स्वतःची गाडी घडावी, अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकार आहे. मात्र त्याला रस्ता दिल्यानंतरच.