विश्लेषण : पेणकर, रोहेकर आणि डीएनए... बेने इस्रायलींचे पूर्वज खरेच समुद्रातून आले होते का?

भूमध्य समुद्राकाठच्या फिनिशियन वसाहतींचे रहस्य प्राचीन हाडांतील डीएनएने उलगडले. त्याच विज्ञानाने रायगडच्या किनाऱ्यावरील एका जुन्या कहाणीबद्दल काय सांगितले आणि काय सांगता आले नाही?

मुंबई-गोवा महामार्गावर पेण सोडले, की वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड अशी गावे एकामागून एक येतात. कोलाडपासून आत वळले की रोहा, त्याच्या समोर कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. या पट्ट्यातील गावांची नावे आज इस्रायलमधील घरांच्या दारांवरही वाचायला मिळतात. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रुळकर, किहीमकर, नवगावकर ही सारी आडनावे बेने इस्रायली कुटुंबांची. घरात मराठी आणि शनिवारी विश्रांती पाळणाऱ्या या समाजाचे पूर्वज आले कुठून, हा प्रश्न दोनशे वर्षे चर्चेत आहे. एकदा तर या प्रश्नावर माणसांची लग्ने अडली होती.

समाजाची परंपरा काय सांगते?

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले, असे मानले जाते. वाचलेले लोक आसपासच्या गावांत स्थिरावले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पोथ्या जहाजाबरोबर बुडाल्या, भाषा विसरली. पण शनिवारचा सब्बाथ, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली. गोड पोहे, फळे ठेवून एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा ‘मलिदा’ हा तर खास कोकणी बेने इस्रायली विधी.

अडचण अशी, की अठराव्या शतकापूर्वीची या समाजाची लेखी कागदपत्रे जवळपास नाहीत. पूर्वज कधी आले याचे अंदाज त्यामुळे इसवी सनपूर्व आठव्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत पसरलेले होते. चौदाशे वर्षांचा हा फरक कागदपत्रांनी मिटणे शक्य नव्हते.

यात फिनिशियन कुठून आले?

फिनिशियन हे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी व्यापारी. त्यांनी भूमध्य समुद्राकाठी वसाहती स्थापल्या; उत्तर आफ्रिकेतील कार्थेज ही त्यांतील सर्वांत बलाढ्य. कार्थेजच्या प्रभावाखालील लोकांना ‘प्युनिक’ म्हणतात. भाषा फिनिशियन, देव फिनिशियन. म्हणजे रक्तही तिकडचेच असणार, असा समज होता.

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तो मोडला. हॅरल्ड रिंगबावर आणि सहकाऱ्यांनी २१० प्राचीन व्यक्तींचे जनुकीय आराखडे तपासले. त्यांपैकी १९६ व्यक्ती फिनिशियन आणि प्युनिक मानल्या गेलेल्या १४ ठिकाणच्या होत्या. इसवी सनपूर्व सहाव्या ते दुसऱ्या शतकातील प्युनिक लोकांत लेबनॉनकडचा वारसा जवळपास सापडलाच नाही. त्यांचे बहुतेक पूर्वज सिसिली आणि एजियन समुद्राच्या परिसरातील लोकांसारखे होते, उरलेल्यांतील बरेचसे उत्तर आफ्रिकेचे. एक व्यक्ती उत्तर आफ्रिकेत आणि तिचा दूरचा चुलत-मावस भाऊबंद सिसिलीत पुरलेला, अशी जोडीही मिळाली. थोडक्यात, संस्कृतीने समुद्र ओलांडला. मूळ लोकांचे रक्त मात्र फारसे पोहोचले नाही.

मग नवगावची हाडे का तपासली नाहीत?

डीएनए हाडात टिकण्यासाठी थंड, कोरडे वातावरण लागते. कानाच्या आतल्या भागाभोवतीचे घट्ट हाड त्यासाठी सर्वांत उपयोगी. पण उष्णता आणि दमट हवा डीएनएचे तुकडे करते. भारतात हा अनुभव आला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढीचे उत्खनन झाले. तेथील परिसरातून घेतलेल्या सुमारे साठ नमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या हाडातून पुरेसा डीएनए मिळाला. तो अभ्यास २०१९ मध्ये ‘सेल’मध्ये प्रसिद्ध झाला. याउलट हिमालयातील गोठलेल्या रूपकुंड सरोवरातील ३८ सांगाड्यांचा डीएनए मिळाला आणि त्यांपैकी १४ जण पूर्व भूमध्य भागातील लोकांसारखे निघाले.

कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि आम्लधर्मी जांभी माती हाडांना सोयीची नाही. शिवाय ज्यू धर्मात कबर उकरणे निषिद्ध मानतात आणि नवगावची दफनभूमी समाजासाठी पवित्र आहे. त्यामुळे शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला : आज हयात असलेल्यांचा डीएनए.

जिवंत माणसांच्या डीएनएतून भूतकाळ कसा वाचतात?

पत्त्यांचे दोन जोड घ्या, एक लाल पाठीचा, एक निळा. ते एकावर एक ठेवून पिसले, तर पहिल्यांदा लाल-निळ्या पत्त्यांचे मोठे गठ्ठे राहतात. जितक्या वेळा पिसाल, तितके गठ्ठे लहान होतात. डीएनएचेही तसेच. दोन समाजांत लग्ने झाली, की मुलांत दोन्हीकडचे लांब तुकडे येतात. प्रत्येक पिढीत ते आणखी तुटतात. आजच्या तुकड्यांची सरासरी लांबी मोजली, की मिसळ किती पिढ्यांपूर्वी झाली हे काढता येते.

दुसरी खूण एक्स गुणसूत्राची. स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक. म्हणून समाजातील एक्स गुणसूत्रांचा दोन तृतीयांश वाटा स्त्रियांकडून आलेला असतो. बाकीच्या गुणसूत्रांपेक्षा एक्सवर स्थानिक वारसा जास्त दिसला, तर स्थानिक पूर्वजांत आया अधिक होत्या असे समजते.

निष्कर्ष काय निघाला?

येदाएल वाल्डमन, अलोन केनान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मार्च २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. त्यात १८ बेने इस्रायलींचे नमुने इतर ४१ ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजगटांतील ४८६ व्यक्तींशी ताडून पाहिले. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, बेने इस्रायली जनुकीयदृष्ट्या भारतीय समाजांसारखे आहेत, तरी स्वतंत्र ओळखू येतात. दुसरी, तपासलेल्या भारतीय-पाकिस्तानी गटांत इतर ज्यूंशी लक्षणीय नाते फक्त त्यांच्यातच दिसले, तेही मध्यपूर्वेतील ज्यूंशी. तिसरी, ही मिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे पिढी २९ वर्षांची धरल्यास साधारण साडेपाचशे ते साडेनऊशे वर्षांपूर्वीची. चौथी, ज्यू वारसा पुरुषांकडून अधिक आणि स्थानिक वारसा स्त्रियांकडून अधिक आला.

त्याच वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये भारतीय ज्यूंवर आणखी एक अभ्यास आला. त्यानेही मुख्य वारसा दक्षिण आशियाई आणि सोबत मध्यपूर्वेचा लहान पण ठळक अंश असल्याचे म्हटले. प्रमाणाबाबत दोन्हींचा सूर वेगळा आहे. मिसळ झाली, याबाबत एकमत आहे.

म्हणजे जहाजाची गोष्ट खोटी?

तसे म्हणता येत नाही. डीएनए मिसळीची वेळ सांगतो, आगमनाची नाही. लोक आधी येऊन शतकानुशतके आपसातच लग्ने करत राहिले आणि मग स्थानिक घराण्यांशी नाते जुळले, असेही असू शकते. व्यापारी नंतर आले आणि कहाणी जुनी सांगितली गेली, असेही असू शकते. चौल बंदरात मध्यपूर्वेतील व्यापाऱ्यांची ये-जा मध्ययुगात होतीच. जहाज फुटले की नाही, हे कोणतेही गुणसूत्र सांगणार नाही. पण पूर्वजांचा एक भाग समुद्रापलीकडून आला, हा परंपरेचा गाभा प्रयोगशाळेत टिकला. ‘सात स्त्रियां’च्या तपशिलापेक्षा मात्र कोकणातल्या आयांचा वाटा मोठा दिसतो.

याने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

१९४८ नंतर बहुतांश बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मगुरूंच्या प्रमुख संस्थेने त्यांच्या लग्नाआधी मागील पिढ्यांची चौकशी करण्याचे आदेश काढले. म्हणजे पेण-रोह्याहून गेलेल्या मुलामुलीला आपण ज्यू असल्याचा पुरावा द्यावा लागणार होता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यांना वेगळे काढणारा उल्लेख मागे घ्यावा लागला. तेव्हा डीएनए चाचणी अस्तित्वातच नव्हती. समाजाने हक्क मिळवला तो आपल्या पाळलेल्या शनिवारांच्या आणि जपलेल्या प्रार्थनांच्या बळावर.

फिनिशियन अभ्यासाचा धडाही हाच आहे. कार्थेजचे लोक रक्ताने लेबनॉनचे नव्हते, तरी प्युनिकच होते. ओळख टक्क्यांत मोजता येत नाही. हजारो रुपयांची चाचणी करून मोबाइलवर ‘इतके टक्के अमुक’ असा निकाल पाहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे : तो आकडा त्या कंपनीकडील नमुन्यांशी केलेली तुलना असते, वंशावळ नव्हे.

वैद्यकीय उपयोग मात्र थेट आहे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपसात लग्ने करणाऱ्या समाजात, आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होणाऱ्या आजारांचा धोका वाढतो. २०१६च्या अभ्यासाने तशी शक्यता नोंदवली आहे. लग्नापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशन घेतल्यास त्याचा फायदा होऊ शकतो.

आज काय उरले आहे?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, पेण, रेवदंडा, पनवेल येथील सिनेगॉग उभी आहेत. प्रार्थनेला येणारी माणसे मोजकी उरली आहेत. पेणचे सिनेगॉग १८६३चे. इस्रायलमधून येणारी नातवंडे आजोबांच्या आडनावातले गाव शोधत या रस्त्याने जातात. वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड अशा पाट्या मागे पडत जातात आणि गाव सापडले, की विचारपूस बहुधा मराठीतच सुरू होते.