आत्याचे फोड आणि माझं कुरिअर

वीकेंडला आत्याला सरप्राइज द्यायला बीड जिल्ह्यातल्या केजला गेले, तर सरप्राइज मलाच मिळालं. आत्या ओसरीवर एकटी. शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या. हातांवर, मांड्यांवर पाण्याने टम्म भरलेले फोड, वर गेरूचा लेप. "जवळ नको येऊस गं माय, नागीण झालीय. तुला लागंल."

पण नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. हे फोड दोन्हीकडे होते. शिवाय आधी दोन महिने नुसती खाज!

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन अंबाजोगाई गाठली. स्किनच्या डॉक्टरांनी फोड बघितले आणि विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी ऐटीत पिशवी पुढे केली. वर्षभर पुण्याहून मीच तर कुरिअर करत होते! डॉक्टरांचं बोट डायबिटीसच्या गोळीवर थांबलं. व्हिल्डाग्लिप्टिन.

बायॉप्सीनंतर नाव कळलं, बुलस पेम्फिगॉइड. फंडा असा: त्वचेचा वरचा थर खालच्या थराला चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनांनाच आपली प्रतिकारशक्ती शत्रू समजते. थर सुटतात, मध्ये पाणी भरतं. हा संसर्ग नव्हेच, मग वेगळं ताट कशाला? उतारवयात हा आजार आपोआपही होतो, पण काही औषधं निमित्त ठरतात. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या त्यांपैकीच. फिनलंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांमध्ये ही शक्यता सुमारे १० पट दिसली. आजार मुळात दुर्मीळ, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण डिसेंबर २०१९ मध्ये भारतातलं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि कितीतरी घरांत पोचली. गोची ही, की फोड गोळी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी येतात. 'सूट झालेल्या' गोळीवर संशय कोण घेणार?

डॉक्टरांनी गोळी बदलली, स्टेरॉइडचं मलम दिलं. पोटात घेतलेल्या स्टेरॉइडने शुगर वाढते, म्हणून मलमावर भर. हळूहळू फोड सुकले. आत्या आता सगळ्यांसोबत जेवायला बसते.

तेव्हा दोस्तहो, आई-बाबांची औषधं ऑनलाइन मागवता ना? मग फोनवर एक प्रश्न जास्तीचा विचारा, "अंगाला खाज सुटते का?" उत्तर 'हो' आलं तर गोळी परस्पर बंद करू नका. सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा.

मी वर्षभर एवढंच विचारत होते, "पार्सल मिळालं का?"