ड्रायव्हर जुना की नवा? संगणक निवड कशी करतो

साकीनाक्याला आमच्या परिचयाच्या एका कारागीर बंधूंचा रेडियम कटिंगचा गाळा आहे. ऐन सणाच्या ऑर्डरी हातात असताना एके सकाळी त्यांचे मशीन गप्प झाले. आदल्या रात्री ते उत्तम चालत होते. दुरुस्तीवाल्याने निकाल दिला, "मशीन संपले, नवे घ्या." आम्ही जाऊन पाहिले तेव्हा मशीन ठणठणीत होते. रात्री संगणकाने इंटरनेटवरून ड्रायव्हर परस्पर बदलला होता.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यातला दुभाषा. एकाच यंत्राचे दोन-तीन दुभाषे संगणकात साठलेले असू शकतात. त्यांतला सर्वांत नवा तोच निवडला जातो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अपुरी आहे. विंडोज आधी ड्रायव्हरवरची डिजिटल सही तपासते. नंतर ओळख. जोडल्याबरोबर प्रत्येक यंत्र आपला क्रमांक सांगते. नेमक्या त्या क्रमांकासाठी लिहिलेला ड्रायव्हर हा त्या जातीच्या सर्व यंत्रांना चालणाऱ्या साधारण ड्रायव्हरच्या पुढे जातो, मग साधारण ड्रायव्हर कितीही ताजा असो. येथेही बरोबरी झाली तरच तारीख पाहतात, आणि तारीखही एकच निघाली तर आवृत्तीचा क्रमांक.

तारखेची तर गंमतच आहे. ती कंपनी स्वतः लिहिते. मायक्रोसॉफ्ट विंडोजसोबतच्या आपल्या ड्रायव्हरवर मुद्दाम २१ जून २००६ ही तारीख टाकते, म्हणजे यंत्र बनवणाऱ्याचा ड्रायव्हर मागे पडू नये. इंटेलने काही ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ टाकली. तो कंपनीचा स्थापना दिवस!

मात्र हा ड्रायव्हर आपल्या यंत्रावर खरोखर चालतो का, हा प्रश्न या निवडीत कोठेच नाही. आमच्या बंधूंकडे दोन्ही ड्रायव्हर सहीचे, ओळखही सारखीच, म्हणून नव्या तारखेचा जिंकला. पण मशीनच्या यूएसबी केबलमधली जुनी चिप त्याला मान्य नव्हती. असे प्रकार नवे नाहीत. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता. ओरड झाल्यावर तो विंडोज अपडेटमधून काढण्यात आला. स्वस्तातली केबल घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तर चिप असली की नकली, हे कळतही नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली आपली केबल शोधावी, तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावे. ते बटण फिके असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून संगणकातल्या यादीवर जाऊन जुनी आवृत्ती आपल्या हाताने निवडावी. हाताने निवडल्यावर वरचे नियम आड येत नाहीत. पुढचे अपडेट पुन्हा तोच घोळ घालू शकते. त्यासाठी चालू ड्रायव्हरची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि सवड मिळताच केबल बदलावी. आमच्या बंधूंचे मशीन त्याच दुपारी सुरू झाले.