कॅन्सरचे निदान उशिरा झाले : आधी कागद सांभाळा, मग न्याय मागा

स्तनात गाठ येते. जवळचे डॉक्टर "साधी गाठ आहे" म्हणत गोळ्या देतात. महिने जातात. मग पुण्याच्या दवाखान्यात कळते, कॅन्सर आहे आणि तो पसरला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना असा अनुभव सांगणारी कुटुंबे आम्हाला विचारतात, "केस करता येईल का?"

येते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. खासगी रुग्णालय त्यात येते. काहींकडून पैसे घेऊन गरिबांना मोफत तपासणारे रुग्णालयही येते, आणि तिथे मोफत उपचार घेणाराही तक्रार करू शकतो. सर्वांना मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय मात्र येत नाही. तिथे दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो.

निदान चुकले म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे न्यायालय मानत नाही. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जे केले असते ते झाले नाही. म्हणजे गाठ कमी होत नसतानाही बायोप्सी सांगितली नाही किंवा पुढे पाठवले नाही. दुसरी, त्या उशिरामुळेच नुकसान झाले. हे दोन्ही कागदांवरून ठरते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावे लागते. मागणी लेखी करा, पोच घ्या.

मुदत दोन वर्षांची. गोव्यातल्या एका महिलेच्या पोटात १९९३ च्या शस्त्रक्रियेतला गॉज २००२ मध्ये सापडला. पण इतकी वर्षे त्रास होऊनही त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत, म्हणून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. दुखणे अंगावर काढणे आपल्याकडे नवे नाही. न्यायालयात मात्र तेच आपल्याविरुद्ध जाते.

२०१९ च्या कायद्याने वाट सोपी केली आहे. दवाखाना पुण्यात असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. उपचारांसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही.

तरुण कार्यकर्त्यांनो, वस्तीत कुणी आजारी असेल तर एक फाईल करून द्या. चिठ्ठी, पावती, रिपोर्ट, सगळे तारखेनुसार लावा. फाईल लवकर लागली तर "पुढची तपासणी का नाही?" हा प्रश्नही वेळेवर विचारला जाईल. खटला जिंकण्यापेक्षा माणूस वाचणे मोठे आहे.